सगळ्यात अशक्त माणूस

लिफ्ट तपासायला गेलं की इन्स्पेक्टर आधी एकच प्रश्न विचारायचे, "या इमारतीत सगळ्यात अशक्त माणूस कोण?"

मालक गोंधळायचे. कुणी वॉचमनकडे बघायचं, कुणी उगाच हसायचं. मग कुणीतरी सांगायचं, तिसऱ्या मजल्यावर एक आजारी मास्तर आहेत, नाहीतर पाचव्यावर एक म्हातारी आहे. इन्स्पेक्टर त्यांना बोलावून घ्यायचे, हात धरून लिफ्टमध्ये उभं करायचे, जाळीचं दार लावायला लावायचे आणि म्हणायचे, "आता उघडा बघू. तीनदा." उघडलं तर कागदावर लाल पेन्सिलीने 'पास'. नाही उघडलं तर 'नापास', मग मालक कितीही मोठा असो आणि वरून कितीही फोन येवोत. एकदा एका मालकाने डोक्याला हातच लावला होता. "अहो साहेब, ती म्हातारी वर्षातून दोनदा बाहेर पडते!" "मग त्या दोन वेळा तिला बाहेर पडता यायला नको का?" असं म्हणून यांनी लिफ्ट बंद करून टाकली. नवं दार बसल्यावरच सोडली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की मुलगी शाळेत असतानाच तिचा शेवट जेवता जेवता स्वतःच म्हणून दाखवायची.

एकतीस वर्षं असं नाकासमोर चालून इन्स्पेक्टर रिटायर झाले, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी, जावई आणि दहा महिन्यांची नात. नात रांगताना तोंडाने 'हुं-हुं-हुं' असा आवाज काढायची म्हणून तिचं नाव पडलं इंजिन. खरं नावही होतं म्हणा, पण ते फक्त डॉक्टरांच्या फायलीत.

सोमवारपासून मुलगी पुन्हा कामावर जाणार होती. नऊ ते चार घरात इंजिन आणि इन्स्पेक्टर, दोघंच. हे ठरवायला इन्स्पेक्टरांना मुलीशी दोन महिने हुज्जत घालावी लागली होती. जावयाचं मत पाळणाघराच्या बाजूने होतं. पाळणाघराचा फॉर्म भरून खणात तयार होता, फक्त सही बाकी होती. "बाबा, झेपेल ना तुम्हाला?" मुलीने शेवटचं विचारलं, तेव्हा इन्स्पेक्टर म्हणाले, "न झेपायला काय झालंय मला?"

काय झालं होतं, ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. रिकामा होता, सतरंजीवर पडून नुसता घरंगळला, म्हणून कुणाला कळलं नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं ऐकेनात. पेन्शनचं काम आहे असं सांगून इन्स्पेक्टर बाहेर पडले आणि थेट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बारीकसा झटका येऊन गेलाय, थोडक्यात निभावलं. गोळ्या घ्या, हाताचा व्यायाम करा, पण अंगठ्यातली पकड पहिल्यासारखी येईल असं धरून चालू नका. आणि पुढच्या वेळी बरोबर कुणाला तरी घेऊन या. इन्स्पेक्टरांनी गोळ्या आणल्या, व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या आणि अळीमिळी गुपचिळी. डाव्या अंगठ्याचा तर भरवसा नव्हताच. पस्तिसाव्या वर्षी तो लिफ्टच्या जाळीत सापडला होता, तेव्हापासून तो वाकायचाच नाही. आजवर सगळा कारभार उजव्याच्या जिवावर चालला होता.

सांगून टाकलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? काहीच नाही. मुलगी घाबरली असती, दवाखान्यात घेऊन गेली असती आणि त्या दिवसापासून इन्स्पेक्टर सांभाळणाऱ्यांमधून उठून सांभाळायच्या माणसांत जाऊन बसले असते. एवढंच. पण तेवढंच त्यांना नको होतं.

बुधवारी फिटरबाई आल्या. लहान मुलांच्या घरात गेटं, कड्या, कुलपं बसवून देणं हा त्यांचा धंदा. वय चाळिशीचं, पँटला सतरा खिसे, गुडघ्यांना जाड पट्टे. जावयाने पाणी विचारलं, तर "आधी घर बघते" म्हणत बाई हॉलच्या मधोमध ओणव्या झाल्या आणि चक्क रांगत सुटल्या. इंजिनला वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी एकदाचं भेटलं. तीही मागोमाग हुं-हुं करत निघाली.

"एक इंजिन होतं, दोन झाली," जावई म्हणाला.

"उभ्याने बघून काही कळत नाही हो," बाई सोफ्याखालून म्हणाल्या. त्यांनी हात बाहेर काढला. हातात शर्टाचं बटण, पेनाचं टोपण आणि एक शेंगदाणा होता. "हे बघा. यातलं काहीही घशात अडकलं असतं."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. इन्स्पेक्टर मात्र खूष झाले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी काम काम म्हणून करताना दिसत होतं. दिवसभर ते बाईंच्या मागे मागे फिरले. पुस्तकांचं कपाट बाईंनी पट्ट्यांनी भिंतीला आवळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "स्क्रू लाकडात गेलाय की नुसत्या पाठच्या पत्र्यात?"

"लाकडात. लोंबकळून बघा हवं तर."

"तुम्ही लोंबकळलात का?"

"मी रोजच लोंबकळते, काका," बाई म्हणाल्या आणि खरंच कपाटाला लटकून दाखवलं. इन्स्पेक्टरांनी मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लागलं, खणांना आतून कड्या लागल्या, आणि दोन गेटं उभी राहिली, एक स्वयंपाकघराच्या दाराला, एक जिन्याच्या पायथ्याशी. पांढरी, लोखंडी, कमरेएवढी. उघडायची रीत अशी की वरचा खटका अंगठ्याने दाबून धरायचा, त्याच हाताने गेट बोटभर वर उचलायचं आणि ढकलायचं. सोडलं की ते आपोआप मागे येऊन टक् करून बसायचं. "पोरांच्या अंगठ्यात एवढा जोर नसतो," बाईंनी सांगितलं. "मोठ्यांच्या असतो. सगळी मेख तिथेच आहे."

इन्स्पेक्टरांनी उजवा हात खिशात घातला.

मग बाईंनी कागद काढला. त्यावर डावीकडे गेटं, उजवीकडे माणसं. "घरात बाळाला जे जे सांभाळणार, त्यांनी प्रत्येक गेट माझ्यासमोर तीनदा उघडून दाखवायचं. त्याशिवाय मी सही घेत नाही."

तीनदा! इन्स्पेक्टरांना क्षणभर बाईंना मिठीच मारावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी आपला अंगठा आठवला.

मुलीने टक्-टक्-टक् उघडलं. जावयाने उघडलं, वर एकदा डाव्या हातानेही करून दाखवलं. मग इन्स्पेक्टर पुढे झाले. त्यांनी उजव्या तळहाताचा खालचा भाग खटक्यावर ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं आणि डाव्या मुठीने गेट वर ओढलं. पहिल्यांदा घसरलं. "नवीन आहे, जरा कडक लागतंय," ते म्हणाले. दुसऱ्यांदा घसरलं. तिसऱ्या खेपेला उघडलं. कपाळावर घाम आला होता.

"झालं एक," बाई म्हणाल्या. "अजून दोन. आणि मग जिन्याचं."

"अहो बाई," मुलगी हसून म्हणाली, "यांनी जन्मभर दुसऱ्यांची दारं तपासली आहेत. लिफ्टचे इन्स्पेक्टर होते ते. यांचं एकदा म्हणजे आपलं दहादा." तिने पेन घेतलं, तिन्ही नावांसमोर 'पास' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

माणसाचा हुद्दा बघून इन्स्पेक्टरांनी आयुष्यात कुणाला पास केलं नव्हतं. त्यांनी आता तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ते इंजिनच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

फिटरबाईंनी त्यांच्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. जाताना म्हणाल्या, "काका, काही अडलं तर सरळ फोन करा. दुसऱ्या तऱ्हेचीही गेटं असतात." कागद मुलीने लोहचुंबकाने फ्रिजवर लावला.

इन्स्पेक्टरांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती. त्या दोन दिवसांत ते कुणीतरी वर जायला निघालं की गप्पा मारत त्याच्या पाठोपाठ जिना चढले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी मुलीला ऑफिसात जाऊन नवं ओळखपत्र घ्यायचं होतं. दहाला निघायचं, एकपर्यंत परत. "म्हणजे तुमची रंगीत तालीमही होईल," ती म्हणाली. जावई कामावर होता.

सव्वादहाला इंजिन भुकेने कुरकुरायला लागली. इन्स्पेक्टर तिला डाव्या कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या गेटापाशी आले आणि तिथेच अडले. उजव्या तळव्याने खटका दाबला जायचा, पण गेट उचलायला डावा हात मोकळा हवा आणि डाव्यावर तर इंजिन. तिला खाली ठेवली. दोन्ही हातांनी झटापट करून, पाचव्या खेपेला गेट उघडलं, तोवर इंजिन त्यांच्या पायांमधून आत. तिला बाहेर आणली, गेट लागलं, पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झाल्यावर इन्स्पेक्टर खुर्चीत बसले. दम लागला होता, आणि राग आला होता. राग कुणाचा, ते मात्र त्यांना धड सांगता आलं नसतं.

मग त्यांना युक्ती सुचली. इंजिनच्या ठोकळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी त्याची चौपदरी घडी केली आणि गेट जिथे बसतं त्या खाचेत खोचली. गेट लागल्यासारखं दिसायचं, पण बसायचं नाही. कोपराने ढकललं की उघडायचं. झकास!

हीच युक्ती लिफ्टचे मेकॅनिक करायचे. दाराच्या कॉन्टॅक्टमध्ये सिगारेटच्या पाकिटाची घडी खोचायची, की दार उघडं असलं तरी लिफ्टला वाटतं ते बंद आहे, आणि ती धावते. वेळ वाचतो. असले पुठ्ठे इन्स्पेक्टरांनी आपल्या हाताने उपसून मेकॅनिकच्या तोंडासमोर धरले होते, तिघांना घरी बसवलं होतं. पुठ्ठा खोचताना हे सगळं त्यांना आठवलं. आठवूनही त्यांनी तो खोचला. सोमवारपर्यंत काहीतरी बरं शोधू, असं मनाशी म्हणाले. मेकॅनिकही असंच म्हणायचे.

दोन तास छान गेले. बाटली झाली, ठोकळे झाले, लिफ्टचा खेळ झाला. हा खेळ त्यांचा दोघांचा. इन्स्पेक्टर खुर्चीत बसून दोन्ही हातांचे तळवे तिच्या बगलेत घालायचे आणि "तळमजला… पहिला मजला…" म्हणत तिला हळूहळू वर उचलायचे. शेवटी "लिफ्ट आली!" म्हटलं की इंजिन खिदळायची. कुठेही असली तरी 'लिफ्ट आली' ऐकलं की रांगत यायची.

सव्वाबाराला पुन्हा बाटलीची वेळ झाली. इन्स्पेक्टरांनी विजेच्या किटलीत पाणी ठेवलं. बाईंनी किटली ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितलं होतं, पण भरलेली किटली एका हाताने मागून ओढणं आता त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी ती पुढे कडेला ओढून ठेवली होती. वायर खाली लोंबत होती. ते बाहेर आले, गेट ओढून घेतलं आणि वाळत टाकलेली बाटली आणायला बाथरूमकडे गेले. मोजून दीड मिनिट.

परत आले तर इंजिनचा आवाज बंद.

ती स्वयंपाकघरात होती. तिने गेट ढकललं होतं, घडी खाली पडली होती आणि गेट मागे येऊन टक् करून बसलं होतं. अगदी फिटरबाईंनी बसवलं तसं, नेमकं. घडी इंजिनच्या तोंडात होती. खणाची मूठ धरून ती उभी राहिली होती आणि मान वर करून लोंबत्या वायरकडे बघत होती. वर किटली खळखळायला लागली होती.

इन्स्पेक्टरांनी खटक्यावर तळवा टेकला. घसरला. पुन्हा टेकला. गेट खडखडत होतं, आणि त्या आवाजाची इंजिनला गंमत वाटून ती हसली आणि एक हात वायरकडे नेला. गेट ओलांडायला त्यांनी पाय उचलला, तो गुडघ्याच्या वर गेलाच नाही.

मग त्यांनी गेट सोडून दिलं. ते बाहेरच्या बाजूला जमिनीवर बसले, दोन्ही हात गजांतून आत घातले आणि जमेल तेवढ्या रोजच्या आवाजात म्हणाले, "तळमजला… पहिला मजला…"

इंजिनने वळून पाहिलं.

"दुसरा मजला… लिफ्ट आली! चला, चला, दार लागतंय!"

तिने वायरवरची नजर काढली, धप्पदिशी खाली बसली आणि हुं-हुं-हुं करत आली. इन्स्पेक्टरांनी डाव्या हाताच्या चार बोटांनी तिचं मनगट वेढलं. तोंडातला पुठ्ठा काढला. मागे किटली खट् करून आपणहून बंद पडली, पण पाणी आत उकळतं होतं आणि वायर तशीच लोंबत होती. फोन हॉलमध्ये टीपॉयवर होता. फोनपाशी जायचं किंवा उठून तिला गेटावरून उचलायचं, तरी आधी मनगट सोडायचं. त्यांनी सोडलं नाही.

इंजिन आधी खेळली, मग भुकेने रडली, खूप रडली, आणि शेवटी गजांना डोकं टेकून झोपून गेली. इन्स्पेक्टरांचा खांदा बधिर झाला होता. त्यांना रडू आलं नाही, पण लाज मात्र वाटली, चांगली मेल्याहून मेल्यासारखी.

एकला पाच कमी असताना मुलगी आली.

"हे काय हो? तुरुंगात भेटायला आल्यासारखे बसलाय!" ती हसली. फोटो काढायला फोन काढला. खांद्यावर बॅग तशीच ठेवून एका अंगठ्याने तिने गेट उघडलं, टक्. "झोपवली पण! बघा, मी उगाच घाबरत होते."

इन्स्पेक्टरांना काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं हसले असते तरी सोमवार त्यांचा होता.

"आधी ती वायर वर घे," ते म्हणाले. "मग फ्रिजवरचा कागद आण. आणि माझी पेन्सिल."

मुलीने आधी वायर पाहिली, मग जमिनीवरचा ओला पुठ्ठा. मुकाट्याने दोन्ही उचललं. इन्स्पेक्टर दाराच्या चौकटीला धरून उठले, गेट लावून घेतलं आणि तिच्यासमोर त्यावर उजवा अंगठा ठेवला. त्यांनी जोर लावला. अंगठा खटक्यावर नुसता पडून राहिला. एकदा. दोनदा. तीनदा. मग त्यांनी कागद घेतला आणि आपल्या नावासमोरचं 'पास' खोडून, पेन्सिल मुठीत धरून, वेड्यावाकड्या अक्षरांत 'नापास' लिहिलं.

"घरात सगळ्यात अशक्त कोण, हे बुधवारी मी विचारलंच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला वाटलं, इंजिन."

"कधीपासून?"

"चार महिने."

"चार महिने!" मुलीचा आवाज चढला. "चार महिने तुम्ही मला सांगितलं नाहीत? आणि माझी मुलगी तुमच्या कडेवर? काही झालं असतं म्हणजे, बाबा? काही झालं असतं म्हणजे मी काय केलं असतं?" तिने इंजिनला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि तरातरा जिना चढून वर गेली. जिन्याचं गेट तिच्या मागे आपोआप आलं आणि बसलं.

टक्.

इन्स्पेक्टर पायथ्याशी गेले. त्यांची खोली वर होती, गोळ्या वर होत्या, त्या दोघी वर होत्या. हाक मारली असती तर ती आली असती. त्यांनी मारली नाही. गेटाच्या वरच्या दांडीवर हात ठेवून ते उभे राहिले.

अर्ध्या तासाने मुलगी खाली आली. डोळे लाल होते, इंजिन कडेवर जागी होती. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर तिला ते दिसले.

"बसला का नाहीत?" तिने विचारलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ते तेव्हापासून इथेच, गेटापलीकडे उभे आहेत.

"त्या म्हातारीचं काय केलं होतं तुम्ही?"

"कुठल्या?"

"वर्षातून दोनदा बाहेर पडणारी."

"लिफ्ट नापास केली."

"आणि तिला?"

"तिला कशाला? ती तर राहायची तिथे," इन्स्पेक्टर सवयीने म्हणाले, आणि मग आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

कागद अजून त्यांच्याच हातात होता. मुलीने गजांवरून हात घालून तो घेतला, पेन्सिलही घेतली. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांच्या नावासमोरचं 'नापास' खोडलं आणि तेच डावीकडे, दोन्ही गेटांसमोर लिहिलं.

"फिटरबाईंना फोन करते," ती म्हणाली. "दुसऱ्या तऱ्हेची असतात म्हणाल्या होत्या ना?"

"आणि सोमवारी?"

"सोमवारी मी रजा घेते, आपण दोघं डॉक्टरांकडे. इंजिन पाळणाघरात." तिने नाक पुसलं. "पुढचं डॉक्टर काय म्हणतात त्यावर. आत्ताच मला हो म्हणायला लावू नका, बाबा. मी हो म्हणणार नाही."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. तिच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं.

मुलीने खटका दाबला, गेट उघडलं आणि ते आत येईपर्यंत हाताने धरून ठेवलं. इंजिनने आजोबांना पाहून दोन्ही हात पुढे केले आणि हुं-हुं सुरू केलं. त्यांचेही हात आपोआप पुढे गेले.

"आधी बसा," मुलगी म्हणाली.

ते पायरीवर बसले. नीट टेकून बसले, हे बघून तिने इंजिनला त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः खालच्या पायरीवर बसून राहिली. एरवी ती इंजिनला त्यांच्याकडे देऊन कामाला लागायची. आज उठली नाही.